टीपॉयखालचे मोजे

(दिवाणखाना. टीपॉयखाली पिवळी लॅब्रॅडॉर.)

चार मोजे. जोडीचा एकही नाही. सोबत कान तुटलेलं एक कापडी माकड. जाई हा सगळा संसार पोटाशी घेऊन पडलीय, आणि कॅमेरा जवळ गेला की गुरगुरते. तीन वर्षांत ती घरात कुणावर गुरगुरल्याचं कुणालाच आठवत नाही.

पुण्यातलं, सिंहगड रस्त्यावरचं हे घर. जाईच्या आसपास कुठलाही नर फिरकलेला नाही, हे घरातले शपथेवर सांगतात. तरी तिला दूध आलंय.

आजींनी निकाल लावून टाकला. “बघा, तिला आई व्हायचंय. एकदा तरी होऊ द्या.”

(दवाखाना.)

डॉक्टर याला खोटं गर्भारपण म्हणतात. माज संपला की गर्भ राहो न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, साधारण दोन महिने चढंच राहतं. ते उतरलं की शरीराची समजूत होते, आपण व्यालो. दूध आणणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, वाढतं, दूध उतरतं आणि मोज्यांची पिल्लं होतात. हौसेचा यात काही संबंध नाही. बहुतेक वेळा हे काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. धोका वेगळाच आहे. हेच प्रोजेस्टेरॉन दर माजानंतर गर्भाशयाचं अस्तर जाड करत जातं, आणि वय वाढलं की तिथं पू साचण्याची भीती वाढते. त्याला पायोमेट्रा म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर नसबंदी सुचवतात: ऑपरेशन करून अंडाशयं आणि गर्भाशय काढून टाकायचं.

राहिलं ते ‘नसबंदीआधी एक वेळ पिल्लं झालेली बरी’. त्याला वैद्यकीय आधार नाही.

(सोसायटीचं पार्किंग.)

हा समोरच्या इमारतीतला काळा लॅब. देखणा आहे, वाद नाही. त्याच्या मालकांचा हिशेब सरळ आहे: “क्रॉस करू. एक पिल्लू आमचं, बाकी तुमची.” लॅब्रॅडॉरला सहा-आठ पिल्लं सहज होतात. आजी बोटांवर मोजायला घेतात. नाशिकची भाची, एक. वरच्या मजल्यावरचे काका, दोन. तिसरं बोट बराच वेळ तसंच उभं राहतं. हा शॉट आम्ही कापलेला नाही.

विकायची म्हटली तर 2017 सालचे केंद्राचे नियम आहेत. पिल्लांचा व्यवसाय करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय नराकडे न्यायची नाही, पिल्लू 8 आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. पार्किंगमधल्या बोलण्यात यातलं अक्षरही निघालं नाही.

(नसबंदीच्या ऑपरेशनची सकाळ.)

मधले काही आठवडे थांबावं लागलं. माजात तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आणि अंगात दूध असताना ऑपरेशन केलं तर खोटं गर्भारपण लांबू शकतं.

रात्रीपासून पोट रिकामं. रक्ताचा रिपोर्ट ठीक. पुढच्या पायाचे केस काढून सुई लावली. औषध जातंय, आणि धाकटीच्या मांडीवर जाईचं डोकं हळूहळू जड होतंय.

घशात नळी. पोटावर मशीन फिरलं, वर तपकिरी आयोडीन. आता हिरव्या कापडाच्या चौकोनातून दिसते तेवढीच जाई. बेंबीखाली छेद. डॉक्टर आत हूक घालतात आणि न बघता, नुसत्या अंदाजानं, गर्भाशयाचं एक शिंग बाहेर ओढतात. हो, शिंगच म्हणतात. कुत्रीचं गर्भाशय बेचकीसारखं, दोन फाट्यांचं असतं. फाट्याच्या टोकाला, चरबीत दडलेलं, वालाच्या दाण्याएवढं अंडाशय. ते वर मूत्रपिंडाच्या बाजूला एका चिवट बंधानं धरलेलं असतं. डॉक्टर तो बंध बोटानं ताणून सोडवतात. बघा, इथं भुलेतही तिचा श्वास बदलतो.

चिमटा. दोरा. गाठ. तिच्याखाली आणखी एक गाठ. कापल्यावर टोक लगेच सोडत नाहीत. चिमट्यात धरून बघतात, रक्त झिरपत नाही ना. गाठ सैल पडली तर रक्तस्राव पोटात होतो, बाहेर काही दिसत नाही. मग दुसरी बाजू, तेच सगळं. शेवटी खाली, गर्भाशयाच्या मुखाशी. जे निघालं ते स्टीलच्या ट्रेमध्ये, ओंजळीत मावेल एवढं. मग शिवण: आधी स्नायू, मग चरबी, मग कातडी.

पुढं वजन वाढू शकतं, काहींची लघवी गळते, आणि मोठ्या जातीची कुत्री असेल तर सांधे पक्के होण्याआधी घाई नको. ऑपरेशनचं वय डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

(पुन्हा दिवाणखाना. पाचवा दिवस.)

गळ्यात प्लास्टिकचा कोन. दाराच्या चौकटीवर एकदा, खुर्चीवर एकदा आपटत जाई आत येते. टीपॉयखाली डोकं घालायला बघते. कोन अडकतो. मागं सरते, पुन्हा घालते.

आजी उठतात, टीपॉय उचलतात आणि भिंतीला लावून ठेवतात.