बरानपुऱ्यापासून पुष्पबागेपर्यंत

नमस्कार, श्रोतेहो. बडोद्यात राहून वारसा-फेरी केली नाही असा माणूस विरळा. मांडवी, लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, कीर्तिमंदिर. सयाजीरावांचं नाव निघालं की आपल्या मराठी घरांत ऊर भरून येतो, आणि तो यावाच. पण याच रस्त्यांवरून तृतीयपंथी चालत आले, पुरुषांवर जीव जडलेले पुरुष चालत आले, एकमेकींसोबत आयुष्य काढू पाहणाऱ्या बायका चालत आल्या. त्यांच्या नावाची पाटी मला तरी कुठल्या चौकात दिसलेली नाही. म्हणून आज ही एक पायी फेरी सांगतो. वाटाड्या लागत नाही. पाण्याची बाटली घ्या, आणि उन्हाळा असेल तर सातच्या आत घर सोडा.

सुरुवात बरानपुऱ्यातून करा. इथं किन्नरांचा आखाडा आहे. गुजरातेत त्यांना मासीबा म्हणतात, आणि आपल्या मराठी घरांनीही तोच शब्द उचलला. घरात बाळ झालं की टाळीचा आवाज आधी ओट्यावर यायचा. माझी आजी सूप घेऊन बाहेर यायची. सुपात गहू, गुळाचा खडा, नारळ आणि घडी न मोडलेलं लुगडं. पदराच्या गाठीतली नोट सगळ्यात शेवटी सुटायची. बारा दिवसांचं बाळ ती मासीबांच्या ओंजळीत निःशंक ठेवायची. पण त्याच मासीबांना आत बोलावून पाटावर जेवायला बसवलेलं मी कधी पाहिलं नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि फेरीला निघताना दोन्ही लक्षात ठेवायला हवं. गल्लीत शिरून दारांचे, माणसांचे फोटो काढू नका. ती त्यांची घरं आहेत.

त्यांची देवी बहुचराजी, वाहन कोंबडा. बडोद्यात कारेलीबागेत तिचं देऊळ आहे, रस्त्यालाही तिचंच नाव. मूळ ठाणं उत्तरेला मेहसाणा जिल्ह्यात, बेचराजीला. तिथलं मोठं देऊळ बांधवलं मानाजीराव गायकवाडांनी. गायकवाडांच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगताना हे देऊळ आपण का गाळतो? मराठी अमलात तर हिजड्यांना गावोगाव मागण्याचा वंशपरंपरेचा हक्क होता, त्याच्या सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या इंग्रज सरकारनं तो हक्क मोडीत काढला. सिग्नलला ज्या हातापुढे आपण गाडीची काच वर करतो, त्या हाताला एके काळी राजाची मान्यता होती.

मांडवीवरून न्यायमंदिराकडे या. १८९६ सालची ही इमारत, २०१८ पर्यंत इथं कोर्ट भरायचं. इथं उभं राहून काही तारखा आठवायच्या. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ घातलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पुन्हा अडकवलं, २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम या संबंधांपुरतं कायमचं काढून टाकलं.

सुरसागराच्या काठानं दांडिया बाजार, आपली जुनी मराठी वस्ती. इथं चहा घ्या आणि एकमेकींवर जीव जडलेल्या बायकांबद्दल बोला, कारण त्यांच्या खुणा रस्त्यावर सापडत नाहीत. बडोद्यातल्या विकल्प या महिला संस्थेनं, माया शर्मांसारख्या कार्यकर्त्यांनी, खेड्यापाड्यांतल्या कष्टकरी बायकांचं हे जगणं ऐकून घेतलं, कागदावर आणलं. गुजरातेत मैत्री करार नावाचा प्रकार आहे. दोन बायकांनी स्टँपपेपरवर सह्या करून एकत्र राहायचं ठरवायचं. त्यानं लग्न होत नाही, वारसाहक्क मिळत नाही. पण घरचे ओढून न्यायला आले तर दाखवायला एक कागद तरी हातात असतो.

आणि इथंच २००६ चा मार्च आठवा. राजपीपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांनी एका गुजराती दैनिकाला सांगितलं की मी समलिंगी आहे. राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. पण त्याच्या कितीतरी आधी, २००० साली, त्यांनी बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट उभा केला होता. एचआयव्हीच्या काळात ज्या पुरुषांशी दवाखान्यातही कुणी धड बोलत नव्हतं, त्यांच्यापर्यंत ही मंडळी पोचली.

आता कीर्तिमंदिर, विश्वामित्रीचा पूल आणि काळा घोडा मागे टाकून पुष्पबागेत, विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स विभागाच्या आवारात. इथं घाई करू नका. चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्याला आले. खेतवाडीत वाढलेले, चार्टर्ड अकाउंटंट. इथं कलासमीक्षा शिकले, एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब पाहून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. केस कापणारा, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा, अशी ही आपल्याच बाजारातली माणसं. १९७९ मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथं पुरुषांची जोडपी उघडपणे राहताना पाहिली. त्यानंतर १९८१ चं ते चित्र आलं. सज्जात एक नागडा पुरुष उभा आहे, आपल्याकडे पाठ करून. खाली रस्त्यावर बापलेक आणि गाढवाची गोष्ट घडते आहे, जी आपण सगळे लहानपणी ऐकलेली असते: कोण बसलं तरी लोक नावं ठेवणारच. चित्राचं नावही तेच सांगतं, की सगळ्यांना खूश करता येत नाही. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी काशीतले दोन पुरुष रंगवले, एकमेकांच्या मिठीत, आणि भोवती देवळं, साधू, पूजाअर्चा. भक्ती आणि शरीर त्यांनी वेगळं काढलं नाही. माझ्या मते हे धैर्य सज्जातल्या माणसापेक्षाही मोठं.

१९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि कलम ३७७ तेव्हा शाबूत होतं. ज्या प्रेमाची चित्रं त्यांनी काढली तो कायद्यानं गुन्हा होता, आणि २००३ मध्ये ते बडोद्यात वारले तेव्हाही गुन्हाच होता.

काही जागा मी मुद्दाम सांगितल्या नाहीत. कोण कुठल्या बागेत कुणाला भेटतं, हे नकाशावर टाकायचं नसतं. तसंच गरिमा गृह. तृतीयपंथीयांसाठीचं हे निवारागृह २५ नोव्हेंबर २०२० ला बडोद्यात सुरू झालं, लक्ष्य ट्रस्ट ते चालवतो. तिथं फिरायला जाऊ नका. घरातून हाकललेला कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला मात्र हे नाव सांगा.

आणि एक काम करा. भूपेनभाईंबरोबर चहा प्यायलेली, सुपात गहू घालून मासीबांची ओटी भरलेली माणसं अजून आपल्या शहरात आहेत. त्यांच्याशी बोला, आणि त्यांची हरकत नसेल तर ते सांगतील ते मराठीत, तारीख घालून, लिहून ठेवा.