खडकातली छोटी मुशी

श्रोतेहो, नमस्कार. आपण नागपूरकर समुद्रापासून लांब. तरी आज जिच्याबद्दल बोलायचंय त्या एपॉलेट शार्कची, म्हणजे एका छोट्या मुशीची, अडचण आपल्या भंडारा-गोंदियातल्या ढिवर बांधवांना लगेच कळेल. उन्हाळ्यात मामा तलावाचं पाणी उतरलं की भल्या पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. रात्री उजेड नाही, म्हणून शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही. श्वास मात्र सगळेच घेतात. उजाडेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, हेरॉन बेटाजवळच्या प्रवाळ-पठारावर नेमकं हेच होतं. रात्रीची ओहोटी लागली की गुडघाभर पाणी प्रवाळांत अडकून राहतं. मोठे मासे खोल पाण्यात निघून जातात. एपॉलेट शार्क मात्र तिथेच थांबते. जेमतेम मीटरभर लांब, बदामी अंगावर तपकिरी ठिपके, आणि पुढच्या परांच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या कडेचा एकेक मोठा काळा डाग. शार्क म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा तो जबडा इथे नाही. ही किडे, खेकडे, कोळंबी शोधत फिरते आणि पुष्कळदा पोहण्याऐवजी चालते. पुढचे दोन आणि मागचे दोन पर आळीपाळीने टेकवत ती प्रवाळांच्या फटींतून सरकते. पाणी फारच कमी झालं तर उघड्या खडकावरून पुढच्या डबक्यात जाते.

आपला मरळ किंवा मागूर वर येऊन हवा घेतो. हिला हवेत श्वास घेता येत नाही. मग ही काय करते? खर्च कमी करते. मे महिन्यात लाइट गेली की आपण इन्व्हर्टरवर कूलर लावत नाही, एक पंखा आणि एक दिवा ठेवतो, तसंच. हिच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब जवळपास निम्म्यावर येतो. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून तिथला रक्तपुरवठा टिकून राहतो. नेहमीच्या ऑक्सिजनच्या अवघ्या पाच टक्क्यांवर ही साडेतीन तास काढते. ऑक्सिजन अजिबात नसला तरी तासभर. माणसाच्या मेंदूला काही मिनिटांतच इजा व्हायला लागते, म्हणून संशोधक हिच्याकडे इतक्या बारकाईने पाहतात.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. कमी ऑक्सिजनचा अनुभव वारंवार आला की हिची सहनशक्ती आणखी वाढते. अमावस्या-पौर्णिमा जवळ आली की ओहोट्या रात्रीमागून रात्र मोठ्या होत जातात, आणि आदल्या रात्रींनी शरीर पुढच्या रात्रीसाठी तयार होत जातं.

ही 'कार्पेट शार्क' गटातली. जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल शार्क, याच गटात येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर येणाऱ्या व्हेल शार्कला आपल्याकडे 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे. इतका थोरला नातलग असलेली ही मीटरभराची मुशी!

मादी एका वेळी दोन अंडी घालते, चामड्यासारख्या तपकिरी कवचातली. आतलं पिल्लू बलकावर वाढतं आणि साधारण चार महिन्यांनी बाहेर येतं. तेव्हा ते जेमतेम वीतभर असतं. इथेच काळजीची गोष्ट आहे. संशोधकांनी अंडी वेगवेगळ्या तापमानात उबवून पाहिली, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. 27 अंशांच्या पाण्यात पिल्लं सुमारे 125 दिवसांनी बाहेर आली, 31 अंशांत सुमारे 100 दिवसांतच. बलक लवकर संपला, पिल्लं लहान आणि अशक्त निघाली. आपल्याला मे महिन्यात 31 अंश म्हणजे पहाटेचा गारवा वाटतो. या पिल्लांना तेवढे चार अंशही जड जातात. ऑक्सिजन नसलेल्या रात्री निभावून नेणाऱ्या या जिवाला तापलेल्या पाण्यावर अजून तोड सापडलेली नाही, आणि ते पाणी तापवतोय आपण.