माहेरी आलेली देवी

[दृश्य : दक्षिण गोव्यातला फातर्प्याचा रस्ता. ढोलताशांचा आवाज आधी, चित्र मागाहून.]

शिगम्याचे दिवस आहेत. फातर्प्याहून श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण निघाली आहे, आपल्या जुन्या गावी, कुंकळ्ळीला. सोबत बारा छत्र्या. बारा छत्र्या म्हणजे बारा वांगड, गावाची मूळ घराणी. म्हणून या सणाला गावात सोंत्र्यो, म्हणजे छत्र्या, म्हणतात.

गुलाल कपाळावर आहे, केसांत आहे, भुवयांत आहे. तरी इथं कोणी कोणाला अनोळखी नाही. हा कुठल्या वांगडाचा, तो कुठल्या, हे बघताक्षणी कळतं. या गर्दीत ख्रिस्ती गावकरही आहेत. रविवारी मिसेला जाणारी, घरात क्रूसापुढे मेणबत्ती लावणारी माणसं. वांगड त्यांचाही आहे. धर्म बदलला, वांगड बदलला नाही.

देवी दरवर्षी परत येते, कारण एकदा तिला इथून जावं लागलं होतं.

[दृश्य : झुवारी नदी, पहाटेचं धुकं.]

पोर्तुगीजांच्या गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. पुढच्या काही वर्षांत साष्टी महालातली देवळं पाडली गेली. कुंकळ्ळी याच महालातली. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तो फोंड्याकडचा अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. हिंदूंच्या देवांना थारा मिळाला तो मुसलमान राजाच्या मुलखात. हे लक्षात असू द्या.

कुंकळ्ळीचे लोक मात्र गप्प बसले नाहीत. जुलै १५८३ मध्ये जेजुइट या ख्रिस्ती संघाचे पाच पाद्री गावात आले. चर्चसाठी जागा बघायची होती, क्रूस उभा करायचा होता. देवळं मोडलेल्या गावाच्या डोळ्यांसमोर. गावानं त्यांना मारलं.

त्या पाचांत एक होता रुडॉल्फ आक्वाव्हिवा. १५८० साली हाच माणूस फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचला होता. तिथं इबादतखान्यात मौलवींसमोर बसून त्यानं धर्मावर वाद घातले, ऐकून घेतलं, ऐकवलं. कोणी कोणाच्या अंगावर धावून गेलं नाही. कुंकळ्ळीत त्याच माणसाचा जीव गेला. तिकडं धर्म चर्चेला बसला होता, इकडं त्याच्या पाठीशी फौज उभी होती. मला तरी दोन्हींतला फरक एवढाच दिसतो, आणि तो फार मोठा आहे.

पुढं पोर्तुगीजांनी गावच्या सोळा म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. एक तेवढा नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात.

त्या पाच पाद्र्यांना रोमनं १८९३ साली धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. म्होरक्यांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला २००३ साल उजाडलं. चारशे वीस वर्षं! हा उशीर मनाला लागतो. पण आज एकाच गावात दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांची आठवण आहे, आणि ती एकमेकांना पुसत नाही.

गोवेकर मुळातच शांत, सुशेगाद, म्हणून इथं शांती नांदते, असं पर्यटकांना सांगितलं जातं. ते खरं नाही. इथं रक्त सांडलेलं आहे. शांती इथं माणसांनी हातानं घडवली, आणि घडवताना जे अवजार हाताशी होतं ते वापरलं. ते अवजार धर्मच होतं.

[दृश्य : म्हापसा. सेंट जेरोम चर्चचा पायऱ्यांचा भाग. मोगऱ्याच्या, मेणबत्त्यांच्या टोपल्या.]

ईस्टरनंतरचा सोळावा दिवस. मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त. रांगेत कुंकू लावलेल्या बायका आहेत, त्यांच्यामागे गळ्यात रोझरी असलेल्या, पुन्हा कुंकू लावलेल्या. एका आजींच्या हातात तेलाची बाटली आहे. बुचाला कागद गुंडाळलाय, तरी तेल झिरपून पदराला डाग पडलाय. आजी, देवळात वाहायचं तेल इगर्जीत कशाला, असं आम्ही विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "भैणीकडे येताना हात हालवत कसं यायचं, बाबा?"

भैण म्हणजे बहीण. उत्तर गोव्यात सात बहिणींची कथा घराघरांत आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई... आणि त्यांतलीच एक मिराबाय म्हापशाला आली, ख्रिस्ती झाली, मिलाग्र सायबीण झाली. शिरगावाहून सायबिणीला तेल जायचं आणि सायबिणीकडून लईराईला मोगऱ्याची फुलं, असं जुनी माणसं सांगतात. मोगरा लईराईचा आवडता. वैशाखात तिच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात, तेव्हा गळ्यात मोगऱ्याचेच कळे असतात.

ही कथा पहिल्यांदा कोणी रचली, कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्यांनी रचली त्यांचं शहाणपण बघा. शेजारची माणसं धर्मांतरित झाली होती. काही राजीखुशीनं, काही धाकानं, काही जमीन वाचवायला. त्यांना काय म्हणायचं? बाटगे म्हणता आलं असतं, वैरी म्हणता आलं असतं. या लोकांनी बहीण म्हटलं. बहीण परक्या घरी गेली की तिचं नाव बदलतं, रीत बदलते, कुलदैवत बदलतं. माहेर तुटत नाही. तेल पाठवावं लागतं, विचारपूस करावी लागते, सणाला बोलवावं लागतं. कुठल्याही तहापेक्षा ही सोय टिकाऊ निघाली, कारण ती दरवर्षी पाळावी लागते.

शिवोलीचा जागर हे लोकनाट्यही असंच. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्रभर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून उभा करतात.

आणि आपली मराठी? तीही या माहेरातच राहिली. कुंकळ्ळी पेटली तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत होता. पुढं त्यानं येशूची कथा सांगायला ओवी निवडली. १६१६ साली राशोलला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. धर्म बदललेल्यांच्या कानातली लय बदलली नव्हती, हे त्या पाद्र्यानं ओळखलं होतं.

[दृश्य : सावर्डे-कुडचडे. दुपारचा बाजार.]

आता अवघड गोष्ट. मार्च २००६ मध्ये याच भागात दंगल झाली. मुसलमानांची दुकानं, घरं फोडली गेली. निमित्त प्रार्थनेच्या जागेचं होतं. ज्या गोव्याचे देव एकेकाळी आदिलशाहीत सुखरूप राहिले, त्या गोव्यात. मला वाटतं, पोटापाण्यासाठी अलीकडं आलेल्या मुसलमानाला आम्ही कुठल्याच कथेत बसवलं नाही. त्याचा वांगड नाही, त्याची सायबीण कोणाची बहीण नाही. त्याच्याकडून सामान घेतो, त्याच्या घरी तेल पाठवत नाही. नातं जिथं लावलं नाही, तिथं अफवेला शिरायला वाट मिळते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोंयच्या सायबावरच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरवरच्या, एका वक्तव्यानं मडगावात रस्ते अडले. काही दिवस भीती होती. मग २१ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं शवप्रदर्शन सुरू झालं, ५ जानेवारीपर्यंत चाललं, आणि रांगेत हिंदू घरातल्या बायका नेहमीसारख्याच उभ्या राहिल्या. त्यांना कोणी आवाहन केलं नव्हतं. त्यांच्या आया उभ्या राहायच्या, म्हणून त्या राहिल्या.

[दृश्य : पुन्हा कुंकळ्ळी. छत्र्या. ढोल थांबतो.]

देवी गावात पोचली आहे. बारा वांगडांची माणसं घामानं आणि गुलालानं भिजून सावलीला टेकली आहेत. शहाळी फुटताहेत. छत्री धरून आलेला एक म्हातारा तळहात बघतोय, काठीनं साल निघालं आहे. शेजारचा ख्रिस्ती गावकर आपला रुमाल काढून त्याच्या हाताला बांधतो आणि गाठ दातानं आवळतो.

थोड्या वेळानं ढोल पुन्हा वाजतील. देवीला परत फातर्प्याला जायचं आहे.