टॅटूची शाई त्वचेत टिकते कशामुळे?

नमस्कार. टॅटूच्या शाईत नेमके काय असते, असे तुम्ही सतत विचारता, म्हणून आधी घटक भराभर सांगते. काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, निळ्या-हिरव्यासाठी बहुधा तांब्याची थॅलोसायनिन संयुगे, लाल-पिवळ्यासाठी बरेचदा अझो रंगद्रव्ये. आणि हे कण वाहून नेण्यासाठी पाणी, ग्लिसरीन, अल्कोहोल.

आता ज्या समजुतीने मी खरोखर अस्वस्थ होते, तिच्याकडे वळू. 'चांगली शाई त्वचेत मुरते' असे प्रत्येक व्हिडिओखाली कुणीतरी लिहितेच. शाई मुरत नाही, कारण रंगद्रव्य विरघळतच नाही. माझ्याजवळची पांढऱ्या शाईची बाटली काही आठवडे न हलवता ठेवली, तर तळाशी घट्ट थर बसतो आणि वर पातळ द्रव उरतो. हे रंगद्रव्य विरघळणारे असते, तर शरीराने ते केव्हाच वाहून नेले असते.

सुई साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल जाते. वरची त्वचा झडून सतत नवी होते. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत मात्र भक्षकपेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील पेशी, त्या कणांना परके समजून गिळतात आणि पचवता न आल्यामुळे पोटात धरून बसतात. काही कण लसीका ग्रंथींपर्यंतही पोहोचतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या त्वचेतील या पेशी मारल्या, तरी टॅटू जसाच्या तसा दिसत राहिला, कारण मोकळे झालेले कण नव्याने आलेल्या पेशींनी गिळले. म्हणजे टॅटू टिकतो तो या पकडीमुळे.

लेझरही हेच दाखवून देतो. तो रंग धुऊन काढत नाही. अत्यंत अल्पकाळाच्या स्पंदनांनी कण फोडतो, आणि वाहून नेण्याइतके बारीक झालेले तुकडे शरीर हळूहळू दूर करते, म्हणूनच अनेक बैठका लागतात.

युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले, ते मला योग्य वाटतात. परंतु राखाडी छटेसाठी शाईत नळाचे पाणी मिसळणाऱ्यांना कोणत्याही बाटलीवरचे लेबल आवरू शकत नाही. त्या पाण्यातील मायकोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू थेट अंतस्त्वचेत जाऊन चिवट संसर्ग होऊ शकतो. तेव्हा सुई लागण्यापूर्वी शाई कशाने पातळ केली आहे, हे विचारा, आणि उत्तर 'निर्जंतुक पाणी' असे स्पष्ट मिळाले नाही, तर टॅटू काढून घेऊ नका.