बंद खोलीतले आठ किलोमीटर

[दृश्य: पहाट. गच्चीच्या कठड्यावर ओलं फडकं.]

रात्री झोपताना हे फडकं भिजवून कठड्यावर टाकलं होतं. तेव्हा ते पांढरं होतं, हे सांगायला हवं. चंद्रपुरात सकाळी गच्चीवर अनवाणी चक्कर मारा, तळपायांचीही हीच गत होते. कोळशाचं गाव आहे.

मे महिना. दुपारी पारा ४५ च्या पुढे. नवतप्यात तर विचारूच नका. पहाटे पाचलाही तो ३० च्या खाली यायला कुरकुरतो. तरी ऊन नसतं, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पहाटेच पळायचो. गारवा पाहिला, हवा पाहिलीच नाही. वारा पडलेला असला की रात्रीची धूळ आणि धूर जमिनीलगत बसून राहतात. दिवस चढला की ते वर उठून पांगतात खरे, पण मग त्याच कडक उन्हात गाड्याघोड्यांच्या धुरापासून ओझोन तयार व्हायला लागतो. पहाटे धूळ, दुपारी ओझोन. घ्या, काय हवं ते.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना हाच आकडा ६०-७० वर जातो, कधी त्याहूनही वर. आणि तीही तोंडाने. नाकातली गाळणी बाजूलाच राहते.

म्हणून ही खोली. आणि हे मशीन.

[दृश्य: ट्रेडमिल, समोर स्टँडचा पंखा.]

खोलीत पळणं सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पंखा बंद ठेवून २० मिनिटं पळून बघावं. रस्त्यावर पळताना आपल्याच वेगाचा वारा अंगाला लागतो. इथे पाय पळतात आणि अंग जागच्या जागी. घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि न सुकता गळालेला घाम अंग गार करत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी पळण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं. ४५ मिनिटांत सव्वा किलो! तेव्हापासून पंखा थेट छातीवर.

फसवलं ते कूलरने. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघतो कुणाचा? पण तो बाहेरचीच हवा ओढतो आणि ओल्या ताट्यांतून आत फेकतो. जाडी धूळ ताट्यांत अडकते. अडीच मायक्रॉनचा कण त्यांना जुमानत नाही. कूलर आत घेऊन खिडक्या लावाव्यात, तर खोली दमट होते आणि घाम आणखीच सुकेना. शेवटी पळायच्या तासाला कूलर बंद, खिडकी बंद, एसी आणि पंखा चालू. उदबत्ती पळणं झाल्यावर. या शेवटच्या कलमावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही.

कंटाळा येतोच. भिंतीकडे बघत आठ किलोमीटर म्हणजे काय! मी एक टक्का चढ लावतो, समोरच्या वाऱ्याची भरपाई म्हणून, आणि दर चार मिनिटांनी वेग थोडा बदलतो.

आणि क्रिस्टीन क्लार्कला आठवतो. अलास्कातल्या अँकरेजची डॉक्टर. बाहेर बर्फ, म्हणून तिचा बराचसा सराव घरच्या ट्रेडमिलवर झालेला. फेब्रुवारी २००० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाला अमेरिकेची ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन झाली, आणि त्या दिवशी तिथे उकाडा होता. बर्फातून आलेली ही बाई २ तास ३३ मिनिटं ३१ सेकंदांत पहिली आली. ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं घरचे म्हणतात.

[दृश्य: पट्टा मंदावत थांबतो. अंधार.]

लाईट गेली. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र ज्या शहरात आहे, तिथेही जाते. पाच किलोमीटर झाले, तीन राहिले.

मग जिना. खालपासून गच्चीपर्यंत ५४ पायऱ्या. चौथ्या फेरीला पहिल्या मजल्यावरच्या काकू मोबाईलचा टॉर्च घेऊन दार उघडतात.

"लाईट नाही अन् अंधारात कुठं पळून राह्यला रे बाबू?"