सिग्नलवर थांबलेली दुर्मिळ गाडी

मंडळी, दुर्मिळ गाडी म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘नागपुरात फेरारी कितीजणांकडे आहे हो?’ मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. फेरारी महाग आहे. पैसे मोजले की उद्या आणखी एक येईल. १९९१ साली आलेली टाटा सिएरा मात्र कितीही पैसे मोजले तरी आता नवी मिळत नाही. त्याच नावाची गाडी २०२५ मध्ये पुन्हा आली, पण ती सर्वस्वी वेगळी. रस्त्यावर आज जी जुनी सिएरा दिसते, ती कुणीतरी वर्षानुवर्षं ‘आता काढून टाका’ हा सल्ला न ऐकल्यामुळे दिसते. या न ऐकणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, आणि आज मी बोलणार आहे ते त्यांच्याच गाड्यांबद्दल.

जुन्या गाड्यांच्या रॅलीतल्या गाड्या मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तिथे गाडी ट्रेलरवरून येते, पुसूनपासून उभी राहते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढताच येत नाही. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. म्हणजे जी गाडी साध्या एमएच ३१ पासिंगवर, मागच्या सीटवर भाजीची पिशवी घेऊन, शंकरनगर चौकात तुमच्या शेजारी उभी आहे, तिची गोष्टच निराळी. तिचे ब्रेक आज लागले पाहिजेत, तिला उद्या सकाळी सुरू व्हायचंय. ठराविक मुदतीने आरटीओत नेऊन तिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, नाहीतर ती भंगारात जाते.

आणि अशी गाडी पाहायला नागपूर फार चांगलं गाव आहे. का, ते सांगतो. मुंबईत समुद्राची खारी, दमट हवा पत्रा खाते. दाराचा खालचा भाग, चाकावरची कमान, पायाखालचा फ्लोअर, सगळं आतून सडत जातं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याकडे पावसाळा सोडला तर हवा कोरडी. त्यामुळे पत्रा टिकतो. आपला उन्हाळा गाडी वेगळ्या पद्धतीने खातो. काचेभोवतीचं रबरी बीडिंग कडक होऊन तडकतं, डॅशबोर्डला भेगा जातात, छतावरचा रंग आधी फिका आणि मग पांढुरका पडतो. पण रबर बदलता येतं, रंग मारता येतो. सडलेला सांगाडा सहजी परत येत नाही. त्यात धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या बंगल्यांना पोर्च होते, गाडीला डोक्यावर छप्पर होतं. आता बंगल्याजागी फ्लॅट स्कीम होते आणि पार्किंग एकच मिळतं, तेव्हा सगळ्यात आधी बाहेर निघते ती जुनी गाडी. गंजापेक्षा मला या फ्लॅट स्कीमची भीती जास्त वाटते.

आता नजर कशी बसवायची? नावाचा बिल्ला वाचायला जाऊ नका. तो बहुतेक वेळा पडलेला असतो, किंवा दुसऱ्याच गाडीचा लावलेला असतो. आकार बघा. सिएराचंच घ्या. मला एक लॉ कॉलेज चौकात सिग्नलला भेटली, गडद हिरवी, माझ्या डाव्या हाताला. मागच्या सीटला दारच नाही, पुढची दोन दारं मात्र भली लांब. मागच्या सीटशेजारची काच वर चढत थेट छतात वळलेली. ही काच उघडत नाही. मे महिन्यात मागे बसणाऱ्याचं काय होत असेल, ते नागपूरकराला सांगायला नको. त्या काचेला आतून कुणीतरी सुती पडदा शिवून लावला होता, स्प्रिंगच्या तारेवर सरकणारा. डिझेल इंजिनाचा खडखडाट माझ्या खिडकीपर्यंत येत होता. मालक साठीच्या पुढचे. मी काच खाली करून गाडीची तारीफ केली, तर त्यांनी आधी हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘इकाची नाही भाऊ, पाहाची असन तं पाहून घ्या.’

काही गाड्या समोरून जाऊनही कळत नाहीत. मारुती १००० ही १९९० ची. तिला लोक ‘जुनी एस्टीम’ म्हणून सोडून देतात, कारण बॉडी जवळजवळ तीच. पण एस्टीम नंतर आली, मोठ्या इंजिनाची. ही ९७० सीसीची. प्रीमियर ११८ एनईचंही तसंच. पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीचीच गाडी, १९८५ ची, अंगाने फियाट १२४ आणि पोटात निसानचं इंजिन. नावातलं ‘एनई’ त्यावरूनच. चौकोनी, सरळ रेषांची, अंगात कसलाच दिखावा नाही. मला ती फार आवडते आणि तिच्यावर फार अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे. त्याच काळातल्या कॉन्टेसा गाडीला निदान चाहते मिळाले. ११८ एनईकडे कुणी वळून पाहत नाही, म्हणून ती गुपचूप संपत चाललीय.

पहिली मारुती ८०० ओळखता येते का पाहा. डिसेंबर १९८३ पासून १९८६ पर्यंतची, एसएस ८०. नंतरच्या ८०० पेक्षा बुटकी, कोनाकोनांची. आणि डुक्कर फियाट! पन्नाशीच्या दशकातली, पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर, म्हणजे उलटी उघडणारी. ती रोजच्या रहदारीत दिसली तर हातातलं काम टाका.

कामठी रोडचा मान वेगळा. कामठी ही छावणी, आणि जबलपूर आपल्याला जवळ. तिथल्या वाहन कारखान्यात निसानच्या आराखड्यावर लष्करासाठी जोंगा नावाची जीपसारखी गाडी बनत असे, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची. सेवेतून काढलेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या आणि सामान्य माणसांच्या हाती आल्या. पुष्कळांनी पेट्रोलच्या खर्चाला घाबरून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा कान उघडे ठेवा, मूळ इंजिनाची जोंगा त्याहून दुर्मिळ. लष्कराच्या चालू गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे ती घेतल्याचं वर्ष सांगतात. तो नुसता वाचायचा. छावणीत आणि लष्करी गाड्यांवर कॅमेरा उचलायचा नाही.

नंबर प्लेट हा एकेकाळी मोठा आधार होता. १९८९ च्या आधीच्या महाराष्ट्राच्या नंबरात ‘एम’ ने सुरू होणारी तीन अक्षरं असत, आणि कुणीतरी पेंटरने ती हाताने काढलेली असत. आता उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली. नंबर तोच राहतो, अक्षराचं वळण जातं. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण जुनी प्लेट उतरवाल तेव्हा ती फेकू नका, एवढी विनंती आहे. घरात ठेवा.

आता माझी सगळ्यात तळमळीची गोष्ट, म्हणून जरा थांबून सांगतो. अ‍ॅम्बॅसॅडरची काळजी करू नका, ती २०१४ पर्यंत बनत होती, तिच्यावर प्रेम करणारे आहेत. काळजी करा २००० नंतरच्या गाड्यांची. ओपेल कोर्सा स्विंग, बलेनो अल्टुरा, लान्सर सेडिया, फोर्ड फ्यूजन, इंडिगो मरिना, किझाशी. पद्मिनीचा कार्ब्युरेटर आपला मिस्त्री झाडाखाली बसून साफ करतो. या गाड्यांचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेला की मिस्त्री हात टेकतो, कारण सुटा भाग येणार कुठून? ओपेल विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका सेन्सरपायी धडधाकट गाडी उभी राहते आणि भंगारात जाते. आणि या गाड्यांचे फोटोही कुणी काढत नाही, कारण त्या अजून ‘जुन्या’ वाटत नाहीत.

म्हणून एक वही करा. गाडी, रंग, चौक, तारीख, आणि नंबरातली फक्त पहिली अक्षरं-आकडे, म्हणजे एमएच ३१, ४० की ४९. पूर्ण नंबर नको, मालकाचा चेहरा नको. चालवताना फोटो नाही, पाठलाग तर नाहीच. गाडी उभी दिसली आणि मालक जवळ असतील तर विचारा, बहुतेक वेळा ते आनंदाने बोलतात. आणि विचाराल तेव्हा किंमत विचारू नका. विचारा, ‘काकाजी, हिचं काम कोण करतं?’ त्या मिस्त्रीचा पत्ता वहीत लिहून घ्या. त्याच्याकडे गेलात की मागच्या बाजूला अशाच आणखी दोन गाड्या उभ्या सापडतात.

उभं कुठे राहावं, असं मघाशी एकाने विचारलं. वर्धा रोडला राहायचं तर उड्डाणपुलावर नजर लावू नका, खालच्या रस्त्यावर लावा. जुनी गाडी बहुधा खालून जाते, कारण पुलावर बंद पडली तर धक्का मारायला कुणी नसतं. आणि डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सला जा. बाहेरगावच्या पासिंगच्या गाड्या तेव्हा रांगेने दिसतात, अगदी एमएच ०१ पासून गडचिरोलीच्या एमएच ३३ पर्यंत. चहाच्या टपऱ्यांवर त्यांचे ड्रायव्हर बसलेले असतात, आणि गाड्यांबद्दल त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.