नऊ फुटी हौदा, साडेचार इंचांत

(दृश्य : पडवीतले टेबल. त्यावर एक पिकअप, अगदी जवळून.)

पडद्यावर आत्ता जी पिकअप दिसते आहे, तिच्या हौद्यात संत्र्यांचे क्रेट रचलेले आहेत, मागच्या फाळक्याचा रंग उडालेला आहे आणि चाकांच्या खोबणीत वाळलेला चिखल अडकून बसला आहे. कॅमेरा थोडा मागे नेला, की तिच्या शेजारी ठेवलेला पाण्याचा स्टीलचा पेला दिसेल, आणि तो पेला गाडीच्या टपाहून उंच आहे.

ही गाडी मी घडवली. मी वरूड तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्यावर आणि कपाशीवर जगते. घरची कामे आटोपली, की रात्री नऊ ते अकरा मी या टेबलाशी बसतो. पिकअपची प्रमाणबद्ध मॉडेल्स बांधण्याच्या या छंदाला गावात अजून नाव मिळालेले नाही. कोणी त्याला खेळणी म्हणते, कोणी ‘सरांचा कारखाना’ म्हणते, आणि माझ्या आईने तर विचारायचेच सोडून दिले आहे.

(दृश्य : पेटीचे झाकण उघडते.)

किटची, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचाची, पेटी उघडली, की आत गाडी दिसत नाही. दिसतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि डहाळीला फळे लगडावीत तसे त्यांना लगडलेले लहानमोठे भाग. या चौकटीला मॉडेल बांधणारे स्प्रू म्हणतात. वितळलेले पॉलिस्टायरिन मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात, ते या नळ्यांमधून वाहत प्रत्येक भागाच्या पोकळीत पोहोचते, आणि थंड झाल्यावर साच्यातल्या पिना पुढे सरकून सगळी चौकट बाहेर ढकलतात. दाराच्या आतल्या अंगाला जे गोल ठसे दिसतात, ते या पिनांचे. ते पुट्टीने भरून घासून काढावे लागतात. पण दार मिटल्यावर जे दिसणारच नाहीत, ते मी तसेच सोडतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझे पहिले किट रेव्हेलचे होते : १९५० सालचा फोर्ड एफ-१ पिकअप, प्रमाण १:२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे माप. फोर्डची एफ मालिका १९४८ च्या मॉडेलपासून सुरू झाली; पण कारखान्यातून हौद्यासह तयार होऊन बाहेर पडणारी पिकअप फोर्डने त्याच्या कितीतरी आधी, एप्रिल १९२५ मध्ये बाजारात आणली होती. मॉडेल टी मोटारीच्या मागे पोलादी हौदा बसवलेली ती गाडी २८१ डॉलरला मिळत असे. त्यापूर्वी तिकडचे शेतकरी मोटारीच्या मागचा भाग काढून तिथे सुताराकडून लाकडी खोका बसवून घेत. ही हकिकत वाचली तेव्हा मला आमच्याकडचे डिझेल इंजिनावर चालणारे जुगाड आठवले. माल वाहायची गरज आधी असते, कारखान्याला ती मागाहून कळते.

अमेरिकी किटचे प्रमाण १:२५ का आणि जपानी किटचे बहुधा १:२४ का, हा प्रश्न मला सुरुवातीला फार छळत असे. १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी ही अमेरिकी कंपनी मोटारींच्या विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती तयार करी. गिऱ्हाइकाला रंग आणि आकार दाखवण्यासाठी या प्रतिकृती दुकानात ठेवल्या जात. त्यांचे प्रमाण १:२५ होते, आणि १९५८ मध्ये याच कंपनीने एका पेटीतून तीन तऱ्हांनी बांधता येणारी किट काढली, तेव्हाही तेच प्रमाण कायम राहिले. ब्रिटनच्या एअरफिक्सची कहाणी तर आमच्या गावाला अधिक जवळची आहे : तिच्या किटचा उगम १९४९ मधल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या प्रतिकृतीत आहे, आणि ती प्रतिकृती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या हाती देण्यासाठीच बनवली होती. ज्या छंदाला इथे पोरखेळ म्हणतात, त्याचे मूळ असे ट्रॅक्टरच्या विक्रीत सापडते.

माझ्या हाताला मात्र १:२४ सोयीचे पडते. त्याचे कारण अगदी गावठी आहे. आमच्याकडचे सुतार आणि गवंडी आजही फूट-इंचांत बोलतात, आणि १:२४ मध्ये एक फूट म्हणजे नेमका अर्धा इंच. नऊ फुटी हौदा साडेचार इंचांचा झाला, इतके सरळ गणित आहे.

(दृश्य : पातळ ब्रशने जोडावर द्रव सोडला जातो.)

जोडण्यासाठी जे द्रव वापरतात त्याला सिमेंट म्हणत असले, तरी ते चिकटवत नाही. ते दोन्ही कडांचे प्लॅस्टिक क्षणभर विरघळवते, त्या कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर जोड उरतच नाही. वेल्डिंगचाच हा प्रकार आहे. फेव्हिक्विक धातूला चालते, पण काचेजवळ ते नेऊ नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरट धुके बसते. समोरची काच मी साध्या फेव्हिकॉलने बसवतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चूक झाली तर ओल्या कपड्याने पुसताही येतो.

एक चूक मात्र पुसता आली नाही. एका जुन्या किटचे टायर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीच्या टपावर ठेवून पेटी बंद केली आणि ती टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर टाकली. हे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, आणि व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात जो पदार्थ मिसळलेला असतो, तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरिनला खातो. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. जून महिन्यात पेटी उघडली तेव्हा टायरची नक्षी टपावर डाग दिल्यासारखी उमटलेली होती. त्या टपावर आता सामान ठेवायचे कॅरिअर आहे, आणि पाहणाऱ्यांना ते हौसेने बसवलेले वाटते.

विदर्भातला उन्हाळा या छंदाच्या बाबतीत आणखीही काही नियम घालून देतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, की एअरब्रशमधून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीतून, निघालेला रंगाचा तुषार पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि बोनेट सँडपेपरसारखे खरखरीत होते. पावसाळ्यात उलट अडचण : ओलसर हवेत लॅकरच्या रंगावर पांढरी झाक चढते. त्यामुळे कापणे, घासणे आणि जोडणे मी बाराही महिने करतो, पण रंगकाम दिवाळी ते होळी या काळासाठी राखून ठेवतो, तेही सकाळी. रात्री कॉम्प्रेसर लावला आणि अर्ध्या दारावर लाइन गेली, असे तीनदा झाल्यावर मला सकाळचे महत्त्व पटले.

(दृश्य : गल्लीत उभी असलेली खरी पिकअप. टेपने माप घेणारे हात.)

फोर्ड बांधून झाला, नंतर आणखी दोन परदेशी पिकअप झाल्या, आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आले, की मी ज्या गाड्या अचूक बांधतो आहे त्यांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यांचे स्टिअरिंग डावीकडे. त्यांचे हौदे मी चित्रांवरून रंगवतो. आणि रोज पहाटे चार वाजता जिच्या आवाजाने मला जाग येते, ती शेजारची बोलेरो पिकअप मला कोणत्याही पेटीत सापडलेली नव्हती. ती मुळापासूनच घडवायची होती.

तिचा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. मी टेप घेऊन गाडीभोवती फिरू लागलो तेव्हा तो म्हणाला, “सर, गाडी घ्याची हाय का? मालकाले विचारू?” मी त्याला कारण सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग न सांगता टेपचे दुसरे टोक त्याने धरले.

बोलेरोच्या चौकोनी केबिनचे उपकार मानावे तितके थोडे आहेत, कारण सपाट पत्रे प्लॅस्टिकच्या शीटमधून सुरीने कापता येतात. गोलाईची गाडी असती तर मी हात टेकले असते. १५ इंचांची रिम सुमारे १६ मिलिमीटरची झाली. ५०० बाय १२० मिलिमीटरची पिवळी नंबरप्लेट २१ बाय ५ मिलिमीटरची झाली, आणि त्यावर ‘एमएच २७’ ही अमरावतीची खूण लिहिताना मी अक्षरशः श्वास रोखून धरला होता.

खरी अडचण जाडीची होती. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्याला चोविसाने भागले तर जी जाडी येते, तितके पातळ प्लॅस्टिक हातात धरताच येणार नाही. म्हणून मॉडेल बांधणारे एक लबाडी करतात : भाग जाडच ठेवतात आणि त्याची दिसणारी कड तेवढी आतून तिरपी घासून पातळ करतात. डोळा कडेवरून जाडी ठरवतो आणि फसतो. फाळक्यांसाठी मात्र मी ही युक्ती वापरली नाही. ते मी शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून केले, कारण मला ते चेपायचे होते. प्लॅस्टिकवर पोचा कोरावा लागतो. पत्र्यावर तो बॉलपेनच्या टोकाने दाबून आणता येतो, आणि दाबलेला पोचा पोच्यासारखाच दिसतो.

(दृश्य : काळ्या मातीची शेतवाट, चाकांचे ठसे.)

गाडी जुनी करणे हा या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, आणि याच भागात परदेशी नमुने माणसाची दिशाभूल करतात. तिकडचे कारागीर दाराच्या खालच्या कडेला गंज काढतात, तोही फार सुंदर काढतात. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मुलखात ते खरे आहे, आणि आपल्या कोकणातही ते शोभेल. आमच्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते. आमची गाडी आधी उन्हाने उडते : टप आणि बोनेट फिके पडतात, त्यांवर खडूसारखी भुकटी येते, आणि दारांचा रंग मात्र त्या मानाने टिकून राहतो. म्हणून टपाला मी मूळ पांढऱ्यात किंचित पिवळट राखाडी मिसळून पातळ हात दिला. गंज फक्त हौद्याच्या तळाशी आहे, जिथे पावसात भिजलेला माल पडून राहतो.

मातीच्या बाबतीत तर मी स्वतःच चुकलो होतो. काळी माती म्हणून मी चाकांना काळा रंग दिला आणि गाडी डांबरातून काढल्यासारखी दिसू लागली. शेतातले ढेकूळ आणून खिडकीत ठेवले, तेव्हा कळले की रेगूर मृदा ओली असतानाच काळी असते. वाळली, की ती राखाडी-तपकिरी होते आणि तिला भेगा पडतात. खरी माती वापरण्याचाही मोह झाला. वस्त्रगाळ केली तरी तिचे कण १:२४ मध्ये मुरमासारखे दिसतात, म्हणून शेवटी रंगाची भुकटीच कामाला आली.

कापसाची गंमत याहून मोठी. हौद्यात खरा कापूस भरला, तर तो ढगासारखा फुगून बसतो आणि अगदी खोटा दिसतो. त्याऐवजी कागदाचा लगदा ब्रशने टोचून घेतला आणि त्यावर पातळ कागदाची, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेली ताडपत्री ओढली, की तोच ढीग जिनिंगला निघाल्यासारखा वाटतो. संत्र्याला मात्र स्वयंपाकघर धावून आले. सात सेंटिमीटरचे फळ चोविसाने भागले, की तीन मिलिमीटरचे होते, म्हणजे साबुदाण्याएवढे. दोन मुठी साबुदाणा रंगवला. सगळा नारिंगी केला नाही, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरणाऱ्या आंबिया बहाराच्या फळावर हिरवी-पिवळी झाक असते, आणि नागपूरला कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या गाडीत एकसारखी नारिंगी फळे दिसली, तर इथला कोणताही बागाईतदार मला हसला असता. बंपरला टांगलेले लिंबू म्हणजे मोहरीचा दाणा आहे, आणि त्याखालच्या मिरच्या हिरव्या दोऱ्याच्या आहेत.

(दृश्य : ड्रायव्हरचे हात. तळहातावर मॉडेल.)

गाडी पूर्ण झाली तेव्हा सर्वांत आधी मी ती त्यालाच दाखवली. त्याने ती तळहातावर घेतली, खालून पाहिली, फाळक्यावरून नख फिरवले आणि पोच्यापाशी थांबला. बाजार समितीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, ती रात्र कोणती, पाऊस कसा होता, मालक काय बोलला, हे त्याने सगळे सांगितले. मग त्याने हौद्याची बाजू डोळ्यांसमोर धरली आणि बोटाच्या टोकाने एकेक करून काहीतरी मोजले.

“सर,” तो म्हणाला, “हूक तं एका बाजूनं सहा असते. तुमचे पाचच हायेत. दोर कुठी बांधसान मंग?”

मी पुन्हा टेप घेऊन गल्लीत गेलो नाही. गाडी त्याची होती, त्याचा शब्द पुरे होता. त्या रात्री विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलली, सुईभोवती वळवली, दोन मिलिमीटरचा तुकडा कापला, आणि मागच्या फाळक्याजवळ, चाकाच्या थोडा मागे, सहावा हूक बसवला.